'चांगल्या' जंतूंचीही झडती घ्यायला हवी

मुलाला ताप आला, कान फुटला, जुलाब लागले की आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांची वाट आधी नाक्यावरच्या मेडिकलकडे जाते, दवाखाना नंतर. तिथे अँटिबायोटिकच्या गोळ्यांबरोबर हल्ली आणखी एक वस्तू हातात पडते. कधी ती पांढऱ्या भुकटीचे पाऊच असते, कधी पाण्यासारखे औषध भरलेली बोटाएवढी प्लास्टिकची नळी. विचारले तर उत्तर ठरलेले : "गोळ्या गरम पडतात ना, हे पोटाला सांभाळेल. दह्यातलेच जंतू आहेत, काही होत नाही." मजुरीच्या पैशातून आपण तेही पैसे मोजतो आणि घरी येतो.

दह्यातले जंतू म्हटल्यावर शंका घ्यायचे कुणाला कारण वाटत नाही. दही, ताक, ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, इडलीचे आंबवलेले पीठ, हे सगळे जिवंत जंतूंनीच तयार होते आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण ते खात आलो आहोत. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे आम्ही पहिल्यांदाच सांगून टाकतो. पण पाऊचमधला जंतू आणि वाटीतल्या दह्याचा जंतू एकच आहे का? आणि जो जंतू अँटिबायोटिकच्या सोबतीने दिला जातो, तो त्या औषधाने मरत कसा नाही? हा दुसरा प्रश्न साधा आहे, पण तो फारसा कुणी विचारत नाही.

विरजणाची गोष्ट

आधी घरच्या दह्याकडे पाहू. दुधाचे दही करणारे जंतू अँटिबायोटिकपुढे अगदी नाजूक असतात. म्हशीच्या कासेला सूज आली की तिला पेनिसिलिनसारखी औषधे टोचतात. त्या औषधाचा अंश काही दिवस दुधात उतरतो, म्हणून ते दूध ठरावीक दिवस विकायचे नसते. कुणी विकलेच, तर त्या दुधाला विरजण नीट लागत नाही. विरजणातले जंतू त्या अंशानेच मरतात किंवा लुळे पडतात. दुधाच्या डेअऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. दुधात औषध आहे का, हे तपासण्याच्या जुन्या चाचण्यांमध्ये दह्याचेच जंतू वापरत. दुधात सोडलेले जंतू वाढले नाहीत, तर त्या दुधात काहीतरी आहे. (दही न लागण्याला थंडी, कोमट नसलेले दूध, जुने विरजण अशी इतर कारणेही असतात. एकदा दही बिघडले म्हणून दूधवाल्याशी भांडायला जाऊ नये.)

म्हणजे साध्या दह्याचा जंतू औषधाने मरतो. हा त्याचा कमकुवतपणा वाटेल, पण आपल्या दृष्टीने तो गुण आहे. जो जंतू औषधाने मरतो, त्याच्याजवळ औषधाला हरवण्याची विद्या नसते, आणि जी विद्या जवळच नाही ती तो दुसऱ्याला शिकवूही शकत नाही.

आता पाऊचकडे वळू. हा लेख लिहिताना आम्ही दुकानात मिळणारी पाकिटे उलटसुलट करून वाचली. प्लास्टिकच्या नळीत बहुधा 'बॅसिलस क्लॉसाय' नावाचा जंतू असतो, एका नळीत दोनशे कोटी बीजाणू. बीजाणू म्हणजे जंतूची झोपलेली, कडक कवचातली अवस्था. ज्वारीचा दाणा कोठीत वर्षभर पडून राहतो आणि ओल मिळाली की उगवतो, तसे. पोटातल्या आम्लाने तो मरत नाही. भुकटीच्या पाऊचमध्ये लॅक्टोबॅसिलसच्या जाती असतात, काहींत 'सॅकरोमायसिस बोलार्डी' नावाचे यीस्ट असते. यीस्ट हा जिवाणू नव्हेच, पाव फुगवणाऱ्या जातीचा तो जीव आहे, त्यामुळे अँटिबायोटिकचा त्याच्यावर परिणाम होत नाही. काही अँटिबायोटिक गोळ्यांच्या नावापुढे 'एलबी' अशी अक्षरे दिसतात. त्यांत औषध आणि जंतू एकाच गोळीत कोंबलेले असतात.

बॅसिलस क्लॉसायचे जे चार वाण औषधात वापरतात, त्यांची नावेच बोलकी आहेत. एकाचे नाव 'टी', कारण तो टेट्रासायक्लिनला दाद देत नाही. दुसरा 'ओ-सी', म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा. तिसरा 'एन-आर', नोव्होबायोसिन आणि रिफॅम्पिसिनसाठी. चौथा 'सिन', स्ट्रेप्टोमायसिन आणि निओमायसिनसाठी. टीबीचा उपचार घेतलेल्या घरांना यातली रिफॅम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही नावे चांगली ओळखीची असतील. हे वाण निवडलेच गेले ते औषधाबरोबर तग धरावा म्हणून. त्यांच्यात आढळलेल्या प्रतिकाराच्या ज्या जीनचा अभ्यास झाला, त्या जंतूच्या मूळ गुणसूत्रात घट्ट बसलेल्या निघाल्या. एका महत्त्वाच्या जीनची दुसऱ्या जंतूंकडे बदली करण्याचे प्रयोग केले गेले, ते फसले. हे फसणे आपल्या फायद्याचे आहे. का, ते कळण्यासाठी जपानमधली एक जुनी हकीकत माहीत हवी.

जपानची हगवण

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये रक्ती हगवणीची मोठी साथ होती. तिच्या जंतूचे नाव शिगेला. आधी सल्फाची औषधे चालली, मग ती चालेनाशी झाली. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल आली. १९५५ च्या सुमारास असे शिगेला सापडू लागले की जे या चारही औषधांना एकदमच दाद देत नव्हते. डॉक्टर चक्रावले. एकेका औषधाला जंतू हळूहळू सरावतो हे समजण्यासारखे होते, पण चार औषधांना एका फटक्यात? त्यातही एकच औषध घेतलेल्या रुग्णाच्या शौचातून चारांना न जुमानणारे जंतू निघत. आणि त्याच रुग्णाच्या आतड्यातला साधा, निरुपद्रवी ई-कोलाय जंतूही नेमक्या त्याच चार औषधांना दाद देत नव्हता.

१९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा या शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी वेगवेगळे काम करून याचा उलगडा केला. औषधाला न जुमानणारे ई-कोलाय आणि औषधाने मरणारे शिगेला त्यांनी एकाच भांड्यात वाढवले. थोड्या वेळाने शिगेलाही औषधाला दाद देईनात. निरुपद्रवी जंतूने रोगाच्या जंतूला आपली विद्या देऊन टाकली होती, आणि तीही चारही औषधांची एकगठ्ठा.

ही विद्या लिहिलेली असते डीएनएच्या एका छोट्या कड्यावर. त्याला 'प्लाझ्मिड' म्हणतात. जंतूचे मूळ गुणसूत्र हा त्याच्या घराचा पाया धरला, तर प्लाझ्मिड ही खिशातली चिठ्ठी. पाया उचलून शेजाऱ्याला देता येत नाही, चिठ्ठीची नक्कल काढून देता येते. दोन जंतू एकमेकांना चिकटतात, मधे बारीक नळी तयार होते आणि नकलेची चिठ्ठी पलीकडे जाते. देणाऱ्याजवळ मूळ चिठ्ठी राहतेच. घेणारा त्याच जातीचा असावा लागतो असेही नाही. शेजारणीकडून विरजण आणल्याने तिचे दही कमी होत नाही, तसाच हा प्रकार. फक्त इथे जे पसरते ते आपल्याला नको असते.

एक खुलासा इथेच करायला हवा, कारण वस्तीत या दोन गोष्टींची गल्लत होते. टीबीचा जंतू असल्या चिठ्ठ्या घेत नाही. औषधाला न जुमानणारा टीबी त्या जंतूच्या स्वतःच्या जीनमधल्या बदलातून तयार होतो. अर्धवट, अनियमित किंवा चुकीच्या उपचारात असे बदललेले जंतू टिकतात आणि वाढतात, आणि मग खोकल्यावाटे तो टीबी एकाकडून दुसऱ्याला लागतो. नळीतल्या औषधात रिफॅम्पिसिनला न जुमानणारा वाण आहे, म्हणून टीबी बिघडेल, असे कुणी सांगितले तर ते खरे मानू नये. चिठ्ठ्यांचा धोका आहे तो आतड्यात राहणाऱ्या जंतूंच्या बाबतीत, म्हणजे ई-कोलाय, क्लेबसिएला, शिगेला, एन्टेरोकोकस. हेच जंतू लघवीच्या मार्गात, बाळंतिणीच्या जखमेत, नवजात बाळाच्या रक्तात शिरले की जिवावर बेतते. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांमधल्या नवजात बाळांचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांच्या रक्तात सापडलेल्या क्लेबसिएलापैकी निम्म्याहून अधिक जंतू अनेक औषधांना एकाच वेळी दाद देत नव्हते. जगभराचा हिशेब पाहिला, तर २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट झालेले मृत्यू सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला आहे.

उपजत आणि उसने

मग औषधाने न मरणारा प्रत्येक चांगला जंतू धोक्याचा समजायचा का? तसे नाही. लॅक्टोबॅसिलसच्या अनेक जातींवर व्हॅन्कोमायसिन हे मोठे औषध चालत नाही. हे औषध जंतूच्या भिंतीतल्या एका विशिष्ट दुव्याला जाऊन चिकटते. या जातींच्या भिंतीची घडणच वेगळी असते, तो दुवा तिथे नसतोच. कुलपालाच भोक नाही तर किल्ली घालणार कुठे? हा प्रतिकार उपजत आहे, साऱ्या जातीचा आहे आणि तो कुणाला देता येत नाही. त्याची काळजी नको.

काळजी उसन्या प्रतिकाराची. जातीतल्या इतर जंतूंमध्ये जो नाही, पण एखाद्या वाणात बाहेरून आलेला आहे, तो. बाहेरून आला तसा तो बाहेर जाऊही शकतो. १९९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी 'नेचर' मध्ये एका जंतूची माहिती दिली. तो कच्च्या दुधाच्या मऊ चीजमध्ये सापडलेला लॅक्टोकोकस लॅक्टिस होता, म्हणजे ताक-लोण्यातला अगदी सज्जन जंतू. त्याच्या प्लाझ्मिडवर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या तिन्ही औषधांविरुद्धच्या जीन होत्या, आणि त्यांतल्या काही रोगकारक जंतूंच्या जीनशी जवळजवळ जुळत होत्या. गोठा, दूध आणि चीज यांच्या वाटेवर कुठेतरी चिठ्ठ्यांची देवाणघेवाण झाली होती.

त्याहून बोध घेण्याजोगे प्रकरण लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचे. रडणाऱ्या तान्ह्या बाळांना पोटदुखीसाठी या जंतूचे थेंब देतात, आपल्याकडेही मिळतात. या जंतूचा जो वाण आधी जगभर विकला जात होता, त्याचा नंबर एटीसीसी ५५७३०. तपासणीत त्याच्याजवळ दोन चिठ्ठ्या सापडल्या. एका प्लाझ्मिडवर टेट्रासायक्लिनविरुद्धची जीन, दुसऱ्यावर लिंकोमायसिनविरुद्धची. स्वीडनमधल्या त्या कंपनीने काय केले? जंतूतून दोन्ही प्लाझ्मिड काढून टाकले, उरलेल्या जंतूचे बाकीचे गुण तसेच आहेत ना हे तपासले आणि डीएसएम १७९३८ या नव्या नंबराने तोच वाण बाजारात आणला. २००८ मध्ये त्यांनी हे सगळे शास्त्रीय नियतकालिकात छापूनही टाकले. आम्हाला या प्रकरणातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. चांगल्या जंतूच्या खिशातून चिठ्ठी काढून घेता येते. म्हणजे जो कुणी अशी झडती न घेता माल विकतो, त्याला 'हे शक्य नव्हते' ही सबब उरत नाही.

कोंबडीच्या खाद्यातून

आपण माणसांच्या औषधाविषयी बोललो. पण चांगल्या जंतूंचा मोठा वापर जनावरांतही होतो. ब्रॉयलर कोंबडी, अंड्यांची कोंबडी, डुकरे, कोळंबीची तळी यांच्या खाद्यात बॅसिलस, लॅक्टोबॅसिलस, एन्टेरोकोकस मिसळतात. हे जंतू आले ते अँटिबायोटिकची जागा घ्यायला.

कारण त्याआधी खाद्यात अँटिबायोटिकच घालत. आजारासाठी नव्हे, पक्षी लवकर वजनदार व्हावा म्हणून, रोज थोडे थोडे. याचे काय होते हे अमेरिकेतल्या स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्ये दाखवले. त्यांनी एका शेतावर कोंबड्यांना टेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य सुरू केले. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यातले जवळपास सगळे जंतू त्या औषधाला न जुमानणारे झाले. पाच-सहा महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही असे जंतू वाढले. त्या माणसांनी स्वतः औषध घेतलेले नव्हते. शेजारच्या घरांतल्या लोकांमध्ये ही वाढ दिसली नाही. जो जनावरांजवळ राबतो, त्याच्या पोटात ती चिठ्ठी आधी पोहोचते. चिकनच्या दुकानात कोंबड्या सोलणारे, पोल्ट्रीचे खत उपसणारे, गटारे साफ करणारे कोण असतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. हातमोजे, बूट आणि साबण-पाणी ही या कामगारांची हक्काची मागणी आहे. ती मुकादमाच्या मर्जीवर सोडण्यासारखी बाब नाही.

युरोपात ॲव्होपार्सिन नावाचे औषध कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात घालत. ते व्हॅन्कोमायसिनचे भाऊबंद. परिणाम असा की व्हॅन्कोमायसिनला दाद न देणारे एन्टेरोकोकस गोठ्यांत माजले. डेन्मार्कने १९९५ मध्ये आणि युरोपीय संघाने १९९७ मध्ये ॲव्होपार्सिनवर बंदी घातली. वजन वाढवण्यासाठी खाद्यात घालायची सारी अँटिबायोटिके तिथे १ जानेवारी २००६ पासून बंद झाली. आपल्याकडे कोलिस्टिन या औषधाची हीच कहाणी. माणसाच्या अतिदक्षता विभागातले ते जवळजवळ शेवटचे हत्यार, आणि कोंबड्यांच्या खाद्यात ते सर्रास वापरले जाई. कोलिस्टिनला निष्प्रभ करणारी, प्लाझ्मिडवरून फिरणारी जीन चीनमध्ये सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यान्न देणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आणली.

औषधे बंद झाल्यावर त्यांच्या जागी चांगले जंतू आले, हे योग्यच झाले. पण औषध हटवून त्या जागी औषधाच्या प्रतिकाराची चिठ्ठी बाळगणारा जंतू घातला, तर चोर सोडून संन्याशाला घरात घेतले आणि त्याच्या झोळीत चोराचीच किल्ली निघाली, असे व्हायचे. हे कल्पनेतले नाही. 'टोयोसेरिन' नावाचे, बॅसिलसच्या बीजाणूंचे खाद्य युरोपात अनेक वर्षे कोंबड्या, डुकरे, वासरांना दिले जात होते. त्यातला जंतू टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देत नाही, हे तपासणीत पुढे आले आणि २०१३ मध्ये त्याची परवानगी स्थगित करण्यात आली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने खाद्यात घालायच्या प्रत्येक जंतूसाठी ठरावीक औषधांची यादी करून ठेवली आहे. यादीतले औषध इतक्या मात्रेत जंतूला रोखते का, ते तपासायचे. रोखत नसेल तर प्रतिकार उपजत आहे की उसना, हे जीन वाचून सिद्ध करायचे. उसना असेल तर परवानगी नाही. एन्टेरोकोकसला तर ही संस्था सरसकट सुरक्षित जंतूंच्या यादीत घेतच नाही. त्याचा प्रत्येक वाण वेगळा तपासावा लागतो.

आपल्या देशात काय आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये अन्नातल्या प्रोबायोटिक जंतूंसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जंतूचा वाण नेमका ओळखलेला असावा, तो कोणत्या औषधांना दाद देत नाही हे तपासलेले असावे आणि हा प्रतिकार दुसऱ्याकडे जाणारा नसावा, हे त्यांत आहे. २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांत चालणाऱ्या जंतूंची यादीही आली. कागदावर हे ठीकच. आमचा आक्षेप एवढाच की ही तपासणी झाली की नाही हे पाऊच हातात घेणाऱ्याला पाकिटावरून कळायची काही सोय नाही. पाकिटावर हिरवे पान, हसरे बाळ आणि 'नैसर्गिक' हा शब्द मात्र ठळक असतो.

मग घरात काय करायचे

पाऊच कधीच घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब काही विशिष्ट जंतू पुरेशा प्रमाणात दिल्याने कमी होतात, याला मुलांमधल्या अभ्यासांचा आधार आहे. डॉक्टरांनी तपासून, कारण सांगून लिहून दिले तर घ्यावे. पण प्रत्येक गोळीबरोबर सवयीने घ्यायची ती वस्तू नव्हे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळ जंतू परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. त्याच गटाला २०२१ मध्ये असेही दिसले की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतल्यास आतड्यातला प्रतिकाराच्या जीनचा साठा आणखी वाढू शकतो. गंमत अशी की तो वाढला तो पाऊचमधल्या जंतूंमुळे थेट नव्हे, त्यांच्या आडोशाने माजलेल्या दुसऱ्याच जंतूंमुळे. अभ्यासातली माणसे थोडी होती, म्हणून त्यावरून घाबरून जायचे नाही. पण 'काही होत नाही' हे मेडिकलवाल्याचे वाक्य तेवढे खरे नाही, हे त्यातून कळते.

वेळेआधी जन्मलेले, कमी वजनाचे बाळ, कॅन्सरचे औषध चालू असलेला माणूस, शिरेत मोठी नळी घातलेला रुग्ण यांना असे पाऊच स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नये. त्यांच्या शरीरात चांगला जंतूही रक्तात शिरू शकतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये डॉक्टरांना लेखी इशारा दिला, तो एका बाळाच्या मृत्यूनंतर.

दही-ताक खुशाल खावे. मात्र काही गोळ्या दुधातल्या कॅल्शियमला चिकटून बसतात आणि अंगी लागत नाहीत. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या त्यांतल्या. गोळी आणि दूध-दही यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवले की काम झाले. दही आजारी मुलाला द्यायचे तर उकळलेल्या दुधाचे, घरी लावलेले उत्तम. चिकन आणले की ते नळाखाली धुऊ नये, शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात. नीट शिजवले की जंतू मरतात. कच्चे चिकन कापलेली सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय त्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नये.

गोळ्यांच्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे औषध नव्हे. मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिके 'एच-१' या कडक यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वहीत लिहायचे असते. चिठ्ठी न मागता कुणी ती देत असेल, तर तो आपल्यावर उपकार करत नाही. मागच्या खेपेच्या उरलेल्या चार गोळ्या डब्यात ठेवायच्या आणि धाकट्याला ताप आला की त्यातली अर्धी द्यायची, ही पद्धत आपल्या घराघरांत आहे. ताप, सर्दी, खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा असतो, त्यांवर अँटिबायोटिक चालतच नाही. त्या अर्ध्या गोळीने एकच होते : पोटातले औषधाने मरणारे जंतू मरतात आणि चिठ्ठीवाल्यांना मोकळे रान मिळते. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना नेमक्या याच अपुऱ्या मात्रेच्या धोक्याबद्दल जगाला सावध केले होते.

मुलांच्या साध्या जुलाबाला तर अँटिबायोटिकही लागत नाही आणि पाऊचही. लागते ते ओआरएस आणि झिंक, आणि ही दोन्ही आशाताईंकडे, अंगणवाडीत, महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे, अर्धे अर्धे करू नये, आणि केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. अंगावरचे दूध थांबवू नये. शौचातून रक्त पडत असेल, मूल निपचित असेल, डोळे खोल गेले असतील, पाणी पीत नसेल किंवा प्यायलेले सगळे उलटून पडत असेल, तर मेडिकलमध्ये न थांबता सरळ दवाखाना गाठावा. रक्ती हगवणीला अँटिबायोटिक लागते, पण कोणते ते डॉक्टरच ठरवतील. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी, अशी चौदा दिवस द्यायची, जुलाब तिसऱ्याच दिवशी थांबले तरी. ती चमचाभर पाण्यात विरघळते, तान्ह्या बाळाला आईच्या दुधात कालवून पाजता येते.